वेशीवरचे डॉक्टर

धनत्रयोदशीला आपल्याकडे धन्वंतरीची पूजा होते आणि प्रसाद म्हणून कडुनिंबाची बारीक केलेली पाने साखरेत कालवून देतात. सणाच्या तोंडावर कडू घास भरवणारा दुसरा देव माझ्या पाहण्यात नाही. त्या प्रसादाचा आधार घेऊन मी आज वाचकांपुढे एक कडू विषय मांडणार आहे. चकली खाता खाता वाचला तरी माझी हरकत नाही. पण वाचावा, कारण ज्या घराविषयी तो आहे ते घर आपल्याच गल्लीत कुठेतरी असण्याचा संभव आहे.

रशिया, चीन, युक्रेन, किर्गिझस्तान, जॉर्जिया, फिलिपाइन्स, बांगलादेश अशा देशांत जाऊन आपली हजारो मुले-मुली वैद्यकीचे शिक्षण घेतात आणि पदवी घेऊन घरी परततात. त्यांना येथे डॉक्टरकी करू द्यावी काय, आणि द्यावयाची तर कोणत्या अटीवर, हा तो विषय. सरकार एका तोंडाने सांगते की देशाला डॉक्टर हवेत. दुसऱ्या तोंडाने ते या मुलांना वेशीवर थांबवते, आणि किती दिवस थांबायचे ते मात्र सांगत नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचा त्यांना तो लवकर येईल. या मुलांची परीक्षा घ्यावी. कडक घ्यावी. रोग्याच्या जिवाशी खेळ नको. परंतु जी परीक्षा काही शिकवत नाही, चूक कुठे झाली ते दाखवत नाही आणि परीक्षार्थ्याला रोग्याच्या खाटेजवळ एकदाही नेत नाही, तिला परीक्षा म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे. ते कुंपण आहे. आणि ज्या देशात तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरची खुर्ची रिकामी आहे, त्या देशाला असले कुंपण परवडणारे नाही.

‘तू मॅट्रिक पास, तुला वैद्यकीतले काय कळते?’ असे कोणी विचारील. काहीच कळत नाही. कादंबऱ्या लिहितो, त्यांत दोन-चार पात्रांना क्षयाने मारले आहे, तेवढाच माझा वैद्यकीशी संबंध. परंतु परीक्षा हा माझा धंदा आहे. वीस वर्षे मी पोरांचे पेपर काढतो, तपासतो, गुण मांडतो आणि पालकांची बोलणी खातो. परीक्षा कशाला म्हणावे आणि कशाला म्हणू नये, हे सांगण्याचा अधिकार तेवढ्यापुरता मला आहे.

ही परीक्षा २००२ साली सुरू झाली. सोव्हिएत संघ मोडल्यावर तिकडून पदव्या घेऊन आलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि चाळणी लावण्याच्या कल्पनेला न्यायालयाने मान्यता दिली. ते योग्यच झाले. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरात, एका दिवसात ३०० प्रश्न. प्रत्येकाला चार उत्तरे, त्यांतले एक निवडायचे. १५० बरोबर आले की उत्तीर्ण, १४९ आले की नापास. जून २०२३ च्या परीक्षेत शंभरातले दहाच्या आसपास पास झाले. जून २०२४ मध्ये वीस-एकवीस. अलीकडच्या वर्षांत जेव्हा फार चांगला निकाल लागला तेव्हाही तो तिशीच्या आसपासच राहिला.

आता पाहा. आमच्या शाळेत एखाद्या चाचणीत वर्गातली ऐंशी टक्के मुले नापास झाली, तर मुख्याध्यापक मुलांच्या आधी मास्तरांना खोलीत बोलावतात. दार लावून घेतात. आत काय बोलणे होते ते मास्तर बाहेर सांगत नाहीत, पण पुढच्या चाचणीला निकाल सुधारतो. या परीक्षेत वर्षानुवर्षे ऐंशी टक्के नापास होतात आणि कोणाला खोलीत बोलावलेले मी तरी ऐकले नाही. ‘मास्तर परदेशात आहेत, त्यांना कसे बोलावणार?’ हे उत्तर ठीक आहे; पण अर्धेच ठीक आहे. कोणत्या विद्यापीठाची किती मुले बसली आणि किती पास झाली, याचे आकडे परीक्षा मंडळानेच छापलेले आहेत. म्हणजे शंभरातले पाचही जेथून पास होत नाहीत ती दुकाने कोणती, हे सरकारला ठाऊक आहे. तरी आयोग परदेशी महाविद्यालयांना मान्यता देत नाही की कोणत्याही विद्यापीठाचे नाव सुचवत नाही. तो फक्त नियम सांगतो: २०२१ च्या नोव्हेंबरपासून शिक्षण किमान ५४ महिन्यांचे हवे, इंग्रजीतून हवे, एक वर्ष उमेदवारी तिकडे आणि एक वर्ष इकडे हवी, त्या देशात डॉक्टरकीचा परवाना मिळण्याजोगी पदवी हवी. हे सगळे नियम कुणी पडताळायचे? बारावी झालेल्या पोराने आणि त्याच्या बापाने. रशियन भाषेतले कागद हातात धरून! दलालाच्या पत्रकावर मात्र सगळे नियम पाळलेले असतात. शिवाय वसतिगृहात भारतीय जेवण.

‘पण ही मुले ढच असतात. येथे जागा मिळाली नाही म्हणून बापाच्या पैशावर तिकडे गेली,’ असे धंतोलीत पाटी लावून बसलेले एक प्रतिष्ठित डॉक्टर मला म्हणाले. हा समज सार्वत्रिक आहे, म्हणून त्याची थोडी चिरफाड करणे भाग आहे. २०२४ साली वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेला चोवीस लाखांवर मुलांनी नाव नोंदवले. जागा होत्या एक लाख दहा हजारांच्या आसपास, त्यांतल्या जेमतेम निम्म्या सरकारी. सरकारी जागा हुकली की खाजगी महाविद्यालय. आणि तेथला सगळा खर्च साठ-सत्तर लाखांपासून कोटीपर्यंत. तेच शिक्षण तिकडे वीस-पंचवीस, फार तर पस्तीस लाखांत होते. ज्याच्यापाशी कोटभर रुपये आहेत त्याचा मुलगा कमी गुणांनिशी येथेच डॉक्टर होतो आणि त्याला ही चाळणी परीक्षा द्यावी लागत नाही. ज्याच्यापाशी एक घर आणि थोडे सोने आहे, त्याची मुलगी किर्गिझस्तानात जाते. म्हणजे बापाच्या पैशाची गोष्ट खरी आहे. फक्त ती डॉक्टरसाहेब ज्या बाजूने सांगतात तिच्या उलट बाजूने खरी आहे. शिवाय २०१८ पासून परदेशी जाणाऱ्यालाही येथली तीच प्रवेशपरीक्षा पात्रतेपुरती पास व्हावी लागते. सरकारनेच ज्यांना डॉक्टरी शिकण्यास पात्र म्हणून कागद दिला, त्यांना सहा वर्षांनी ढ कसे म्हणावयाचे?

आमच्या गांधीबागेत कापडाच्या घाऊक दुकानांच्या ओळी आहेत. त्यांतल्या एका दुकानात मुनीम असलेले गृहस्थ माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील. पोरगी हुशार, अक्षर मोत्यासारखे. युक्रेनला गेली. २४ फेब्रुवारी २०२२ ला तेथे युद्ध पेटले तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. सरकारने विमाने पाठवून बावीस हजारांवर माणसे परत आणली, त्यांतली बहुतेक वैद्यकीचीच मुले. त्यांत ही आली. या कामाबद्दल सरकारचे ऋण मी मानतो. विमानतळावर मंत्री गुलाबाची फुले घेऊन उभे होते. उरलेले धडे तिने घराच्या माळ्यावर बसून मोबाइलवर घेतले, पदवी टपालाने आली, आणि मग ही परीक्षा. पहिल्या खेपेला १३८. दुसऱ्या खेपेला १४६. या दोन आकड्यांच्या मध्ये शिकवणीचे दीड लाख रुपये गेले.

मुनीमजी एके संध्याकाळी शाळेच्या फाटकापाशी भेटले. गुण कमी पडल्याचे त्यांना दुःख नव्हते. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. ते म्हणाले, “मास्तर, नापास केलं त केलं जी. पण कोणते सवाल चुकले ते त सांगा म्हणा. आमच्याकडं थान वापस आलं त सोबत चिठ्ठी येते. डाग कुठं आहे, सूत कुठं तुटलं, पन्हा किती कमी भरला, सारं लिहून येते. ही पोरगी दोनदा वापस आली, चिठ्ठी एकदाही नाही.”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही. ही प्रश्नपत्रिका परीक्षेनंतर जाहीर होत नाही. आतले प्रश्न बाहेर सांगणार नाही, असे परीक्षार्थ्याकडून कबूल करून घेतात. आमच्या शाळेतल्या पाचवीच्या पोराला त्याचा पेपर घरी नेऊन आईला दाखवता येतो, तिची सही आणता येते. शाळांत परीक्षेच्या मुलांना आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली माहितीच्या अधिकारात मान्य केला. आणि जिला उद्या माणसाच्या शरीराला हात लावायचा आहे, तिला आपली चूक कळू द्यायची नाही! चार गुणांनी नापास झालेल्या मुलीला बालरोग कच्चे की शस्त्रक्रिया कच्ची, विषाच्या उपचारात गोंधळ की बाळंतपणात, हे कळले नाही तर ती काय सुधारणार? ती पुन्हा सगळी पुस्तके पहिल्या पानापासून घोकणार, आणि शिकवणीवाला पुन्हा दीड लाख घेणार. प्रश्न गुप्त ठेवण्याचे कारण असे देतात की तेच प्रश्न पुढे वापरता यावेत. आम्हा मास्तरांना हे कारण चांगले ठाऊक आहे. नवे प्रश्न काढण्याचा कंटाळा आला की आम्हीही तेच सांगतो.

दुसरे असे की ही सगळी परीक्षा खुर्चीवर बसून, पडद्याकडे पाहून द्यायची आहे. आपलीच मुले ब्रिटनमध्ये नोकरीला जातात तेव्हा तेथे त्यांची परीक्षा दोन भागांत होते. पहिला भाग असाच कागदी प्रश्नांचा. दुसऱ्यात त्यांना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेतात. प्रत्येक खोलीत रोग्याचे सोंग घेतलेला माणूस किंवा एखादे काम तयार असते आणि परीक्षक बाजूला बसून पाहतो. रोग्याला काय विचारले, कसे विचारले, हात कुठे ठेवला, वाईट बातमी कशी सांगितली. आपल्या चाळणीत हा दुसरा भागच नाही. मग ती कुणाला थांबवते? जिला रोगी तपासता येतो पण चार उत्तरांतले अचूक एक घाईत निवडता येत नाही, तिला थांबवते. आणि ज्याने शिकवणीत युक्त्या पाठ केल्या पण जन्मात नाडी नीट मोजली नाही, त्याला सोडते. ‘रोग्याच्या सुरक्षिततेसाठी’ म्हणून जी परीक्षा उभी केली, तिच्यात रोगीच नाही.

परकीयांच्या परीक्षांविषयी बोलतो आहे तर एक जुनी गोष्ट आठवणे योग्य होईल. एके काळी आपल्या विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्या ब्रिटनमध्ये चालत. पुढे तेथल्या परिषदेने आक्षेप घेतला की हिंदुस्थानात बाळंतपणाचे शिक्षण पुरेसे होत नाही, आणि १९३० साली मान्यता थांबवली. केवढा संताप झाला तेव्हा! आपले डॉक्टर काय कमी प्रतीचे? याच तंट्यातून १९३३ चा कायदा आणि आपली स्वतःची वैद्यक परिषद जन्माला आली. १९७५ साली ब्रिटनने पुन्हा मान्यता काढली आणि आपल्या डॉक्टरांना तेथे परीक्षा द्यावी लागू लागली. तरी ब्रिटनचे सरकारी दवाखाने आपल्या डॉक्टरांनीच चालवले, आजही चालवतात. तोलून घेतात, पण घेतात. त्यांना माणसे हवी आहेत आणि हे त्यांना ठाऊक आहे. जी वागणूक आपल्या डॉक्टरांना मिळाली म्हणून आपल्या वाडवडिलांनी स्वाभिमानाने परिषद काढली, त्याच परिषदेची वारस संस्था आज आपल्याच मुलांना तिच्याहून वाईट वागणूक देते.

आणि चीनमधून शिकून आला म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्या नागपूरकरांनी हेही लक्षात ठेवावे. १९३८ साली काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच डॉक्टर पाठवले. त्यांतले सोलापूरचे डॉ. कोटणीस सर्वांना माहीत आहेत, त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढला. पण त्या पाचांत आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

परदेशी पदवीचे आपल्याला वावडे होते असेही नाही. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून १८८६ साली पदवी घेऊन निघाल्या, त्या येथे पोचण्यापूर्वीच कोल्हापूर दरबाराने त्यांची रुग्णालयात नेमणूक केली होती. दुर्दैवाने ते काम त्यांच्या हातून व्हायचे नव्हते. रखमाबाई लंडनहून शिकून आल्या आणि सुरत-राजकोटला बायकांच्या दवाखान्यांत आयुष्यभर राबल्या. काळ वेगळा होता हे मान्य. अमेरिका आणि लंडन यांना एक मान आणि बिश्केकला दुसरा, हेही समजण्याजोगे आहे. पण तो भेद आजच्या नियमांतही शिरला आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांतली पदव्युत्तर पदवी असली की आपली मंडळी चाळणी लावत नाहीत. सगळे इंग्रजी बोलणारे देश! साहेब गेला, पण त्याच्या सहीवरचा विश्वास काही गेला नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कमी शिकलेल्या किंवा वेगळे शिकलेल्या डॉक्टरांचे काय करायचे, हा प्रश्न या देशापुढे पहिल्यांदाच आलेला नाही. आमच्या नागपुरात १९१४ साली रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले. तेथून पदवीधर नव्हे, तर परवानाधारक डॉक्टर बाहेर पडत. जुन्या पाट्यांवर त्यांच्या नावापुढे एल.एम.पी. अशी अक्षरे असत. शिक्षण पदवीपेक्षा तोकडे, पण मध्यप्रांत-वऱ्हाडच्या खेड्यापाड्यांत सायकलवर बॅग अडकवून जाणारा डॉक्टर बहुधा हाच असे. १९४६ साली भोर समितीने मोजले तेव्हा देशात नोंदलेले डॉक्टर होते सुमारे साडेसत्तेचाळीस हजार, आणि त्यांतले जवळजवळ तीस हजार असे परवानाधारक होते. समितीच्या बहुमताने सांगितले की यापुढे एकच दर्जाचा डॉक्टर असावा, ही शाळा बंद करावी. सहा सभासदांनी विरोध नोंदवला की डॉक्टरांचा एवढा तुटवडा असताना हे करू नका. बहुमताचे झाले. परवानाधारक तयार होणे थांबले आणि खेड्याचा डॉक्टर गेला, तो पुन्हा नीटसा आलाच नाही.

परंतु त्या काळच्या धुरिणांनी एक शहाणपण दाखवले, आणि तेच आज आपण विसरलो आहोत. जुन्या परवानाधारकांना त्यांनी ‘तुम्ही कमी’ म्हणून वेशीबाहेर काढले नाही. त्यांच्यासाठी संक्षिप्त एम.बी.बी.एस. अभ्यासक्रम काढले. या, उरलेले शिका, परीक्षा द्या, पदवीधर व्हा. दर्जाही राखला आणि माणूसही राखला. पूल बांधला!

तसला पूल बांधणे आजच्या सरकारला येत नाही म्हणावे, तर तेही खरे नाही. याच महाराष्ट्रात २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांना औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा केल्यावर आधुनिक औषधे देण्याची मुभा मिळाली. २०२५ साली त्यांची वैद्यक परिषदेत नोंद करण्याचे निघाले तेव्हा राज्यभरच्या डॉक्टरांनी सप्टेंबरात एक दिवस संप केला. त्या भांडणात मी पडत नाही. माझ्या ओळखीचे होमिओपॅथ सज्जन आहेत आणि त्यांच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या आमच्या घरातल्या लहान मुलांना फार आवडतात. मी एवढेच विचारतो: ज्यांनी आधुनिक वैद्यकी शिकलेली नाही त्यांच्यासाठी एक वर्षाचा शिकवणारा पूल होतो, आणि ज्यांनी तीच पाच-सहा वर्षे शिकली, फक्त कच्ची शिकली असे आपण म्हणतो, त्यांच्यासाठी एक दिवसाचीही शाळा का नाही?

दर्जाच्या नावाने गळा काढणाऱ्यांना आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. सप्टेंबर २०२३ मध्ये पदव्युत्तर प्रवेशाच्या जागा रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा पात्रतेची पायरी खाली आणून थेट शून्य पर्सेंटाइलवर नेली. म्हणजे परीक्षेला जो बसला तो पात्र. ते सगळे आधीच एम.बी.बी.एस. झालेले होते, हे खरे. त्यामुळे दोन्ही गोष्टी अगदी एका मापाच्या नाहीत. पण ती परीक्षा घेणारे मंडळ हेच, जे आमच्या मुनीमजींच्या मुलीला चार गुणांसाठी परत पाठवते. जागा रिकामी राहिली की शून्यही चालते. गडचिरोलीतला दवाखाना रिकामा राहिला की १४६ चालत नाहीत. रिकाम्या जागेमागे लाखांचे शुल्क असते आणि रिकाम्या दवाखान्यामागे काही नसते, एवढाच फरक मला दिसतो.

तुटवडा आहे की नाही, याविषयीही सरकारचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. संसदेत सांगितले गेले की देशात ८३४ माणसांमागे एक डॉक्टर आहे, म्हणजे जगाने घालून दिलेल्या हजारामागे एक या प्रमाणापेक्षा आपले बरे. हा आकडा काढताना आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी यांचे सुमारे ५ लाख ६५ हजार वैद्य-हकीम धरलेले आहेत. मोजायच्या वेळी सगळे डॉक्टर. औषध लिहायच्या वेळी भांडण. आणि सरासरी ही मोठी लबाड बाई आहे. आमच्या नागपुरात धंतोली-रामदासपेठेत एका इमारतीवर सात-सात डॉक्टरांच्या पाट्या आहेत. मेळघाटात बैरागडला डॉ. कोल्हे जाऊन राहिले, भामरागडच्या जंगलात हेमलकशाला आमटे दांपत्य १९७३ साली गेले, म्हणून त्यांना पद्म पुरस्कार देऊन आपण मोकळे झालो. डॉक्टर खेड्यात राहिला तर तो सन्मानाचा विषय होतो, याचाच अर्थ ती साधी गोष्ट राहिलेली नाही.

‘मग ही परदेशातून आलेली मुले जातील का गडचिरोलीला? तीही धंतोलीतच पाटी लावतील!’ हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. जन्मभर कोणी जाणार नाही. पण यांच्याकडून येथे जी उमेदवारी करून घेता, ती तेथे करून घ्या. आज काय चालले आहे ते पाहा. परीक्षा पास झाल्यावर उमेदवारीची जागा मिळावी लागते. २०२२ च्या मार्चात आयोगाने ठरवले की महाविद्यालयांनी आपल्या जागांच्या वर साडेसात टक्क्यांपर्यंतच अशी मुले घ्यावीत. त्यामुळे चाळणीतून उतरलेलेही पुन्हा रांगेत! युद्धामुळे आणि साथीमुळे ज्यांचे शेवटचे शिक्षण घरी बसून झाले, त्यांना उमेदवारी एकाऐवजी दोन वर्षांची. या अटीलाही माझा विरोध नाही; मोबाइलवर कुणी प्रसूती शिकत नाही. पण दोन वर्षे राबवून घेता तर विद्यावेतन द्या. आयोगाने स्वतः लिहिले होते की येथल्या मुलांइतकेच द्यावे. तरी कुठे दिले, कुठे दिले नाही, आणि एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की या बाबतीत परदेशी शिकलेल्यांशी भेदभाव चालणार नाही. आमच्या मुनीमजींची मुलगी तिसऱ्या खेपेला पास झाली. पाच महिने जागेची वाट पाहिली. आता ती एका रुग्णालयात रात्रपाळ्या करते. विद्यावेतन तीन-तीन महिने उशिरा येते. ते रुग्णालय कोणते, हे ती मला लिहू देत नाही. “उमेदवारी पुरी व्हायची आहे, सर,” म्हणते. तिच्या सावधपणाचे मला कौतुक वाटले नाही, वाईट वाटले.

कुंपण घातले की लोक कुंपणाखालून जातात, हा मास्तरकीतला अनुभव आहे. २०२२ च्या डिसेंबरात सीबीआयने गुन्हा नोंदवून देशभर छापे घातले. परदेशी शिकलेल्या ७३ जणांनी ही परीक्षा पास न होताच राज्यांच्या वैद्यक परिषदांत नावे नोंदवली, असा आरोप. ही नावे चोरवाटेने आत गेली असतील, तर वाट दाखवणारे आतलेच कोणी असले पाहिजेत. अशा माणसांना कडक शासन व्हावे. पण पास होऊनही जागेसाठी ताटकळणाऱ्या मुलीने ही बातमी वाचली तेव्हा तिला काय वाटले असेल, याचा विचार परिषदांनी करावा.

तेव्हा मागणे थोडे आहे. २०१९ च्या कायद्याने येथली आणि परदेशातली, सर्वांची एकच शेवटची परीक्षा घेण्याचे वचन दिले होते आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत घातली होती. ती मुदत केव्हाच उलटली. आता परीक्षा घ्या. येथले खाजगी महाविद्यालयवाले तिला का घाबरतात, हेही त्या निमित्ताने कळेल. काठावर नापास झालेल्यांना, म्हणजे समजा १२० ते १५० मधल्यांना, जिल्हा रुग्णालयांत वर्षभर जुन्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकवा आणि शेवटी खाटेपाशी नेऊन परीक्षा घ्या. त्यातही नापास झाला तर खुशाल दार लावा. मी त्याची बाजू घेणार नाही. जे पास झाले त्यांची उमेदवारी गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट येथे ठेवा, राहायला खोली द्या आणि महिन्याच्या महिन्याला विद्यावेतन द्या.

यांतल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागेल, कायदा लागेल, समित्या बसतील, आणि त्या बसल्या की उठायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. पण एक गोष्ट येत्या डिसेंबरच्या परीक्षेपासूनही करता येईल: नापास झालेल्या प्रत्येकाला त्याची प्रश्नपत्रिका, त्याची उत्तरे आणि बरोबर उत्तरे द्यावीत. थानासोबत चिठ्ठी. तेवढ्याला कायदा नको, अंदाजपत्रकात तरतूद नको; एक परिपत्रक पुरते, आणि परिपत्रके काढण्यात हा आयोग आजवर कधी कमी पडलेला नाही.